पाण्याच्या दिवशीचं भजन

या शहरात दोन बायका रस्त्यात भेटल्या तर एकमेकींची खुशाली नंतर विचारतात. आधी विचारतात, "नळ कधी हायेत?" नळ आठवड्यातून कधीतरी येतात, आणि कधीतरी म्हणजे नेमके कधी, हे पाणी सोडणाऱ्या लाईनमनलाच ठाऊक. म्हणून हर्सूलच्या अंगाला वसलेल्या त्या गल्लीत जावयापेक्षा लाईनमनचा मान मोठा होता. जावई आला तर चहा व्हायचा. लाईनमन आला तर चहासोबत शेवही यायची, आणि वर "बसा की घटकाभर" असा आग्रह.

गल्लीत सगळ्यात खणखणीत बाई म्हणजे गोजरबाई. माहेर देवगाव रंगारीचं, आणि आवाज एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारून कमावलेला. वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले तिचे यजमान तात्यासाहेब दिवसभर ओट्यावर पेपर वाचत बसायचे आणि घरातला बोलण्याचा सगळा कारभार बायकोवर सोडून मोकळे व्हायचे. नळ आले की गोजरबाई ओट्यावर उभी राहून साऱ्या गल्लीला बजावायची, "कुणी मोटर लावू नका गं! नळाला मोटर लावणं म्हंजी शेजाऱ्याच्या ताटातला घास उचलणं!" ते खरंच होतं. एका घरानं नळाला मोटर लावून पाणी ओढलं की पुढच्या घरांचे नळ नुसती हवा सोडतात.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात याच गोजरबाईनं मोटर आणली.

दोष द्यायचा तर गुडघ्यांना द्या. नळ दाराजवळच्या खड्ड्यात, धार सुतासारखी, आणि खड्ड्यात वाकून भरलेला एकेक हंडा आत न्यायचा म्हणजे गुडघे बोलायला लागायचे. शेवटी एका सकाळी ती गुलमंडीच्या बाजारात गेली, छोटीशी मोटर घेतली आणि पिशवीत वर मेथीच्या जुड्या ठेवून घरी आली. नळापासून पाईप ओढून मोटर न्हाणीत हौदाशेजारी बसली. तिच्यावर जुनी गोधडी, गोधडीवर पालथी लोखंडी पाटी.

तात्यासाहेब पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"तुम्ही वाचा गपचिप," गोजरबाई म्हणाली. पुढचे शब्द तिला पाठ होते.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पाटीखालून असा काही 'घूंऽऽ' आवाज निघाला की ती दचकलीच. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, हा आवाज सरळ गल्लीच्या टोकापर्यंत जातोय. मुलगा आकाश यानं गणपतीत आणलेला मोठा स्पीकर कोपऱ्यात होता. तिनं तो लावला, त्यात भजन लावलं आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. मोटर बुडाली. हौद भरला. गोजरबाईनं देवाला हात जोडले, आणि आपण नेमके कशासाठी जोडतोय हे स्वतःला विचारायचं टाळलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी पुन्हा भजन. त्याच्या पुढच्या वेळीही. आणि गल्लीत बोलबाला झाला.

"आपण हंडे घेऊन पळतो, न् ही बाई बघा," शेजारच्या वच्छलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "नळ आले की देवाचं नाव. पाण्याची फिकीर नाय हिला."

कशी असणार? पाणी स्वतः चालत येत होतं.

मग एक दिवस वच्छलाबाईंची सून सायली दारात आली. विद्यापीठात मराठीचं एम.ए. करणारी, गळा गोड. "मावशी, स्पीकर बंद करा ना. आपण सगळ्या मिळून म्हणू. आम्ही पण येतो." नाही म्हणावं तर कारण काय सांगणार? पुढच्या पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या बायका टाळ घेऊन गोजरबाईच्या बैठकीत हजर. आणि गंमत अशी की मोटर जितकं जोरात पाणी ओढायची, तितके बाकीच्यांचे नळ लवकर सुकायचे, आणि तितक्या बायका भजनाला मोकळ्या व्हायच्या. गोजरबाईच्या पापानंच तिची मंडळी वाढत होती.

त्यातून सायलीचा कान तयार. डोळे मिटून ती म्हणाली, "मावशी, तुमच्या घरात काहीतरी आहे. कुणीतरी तंबोरा धरून बसल्यासारखा सूर लागतो इथं. आपोआप."

"वास्तू चांगली हाय," तात्यासाहेब ओट्यावरून म्हणाले. गोजरबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की पेपर पुन्हा वर गेला. पण एकदा भजनाच्या मधेच लाईट गेली तेव्हा सगळ्यांचा सूर पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला, आणि लाईट येईपर्यंत काही केल्या कुणाला तो सापडेना.

खोट्या भक्तीचा दंडही तिला भरावा लागला. गल्लीच्या शेवटच्या घरातली राहत तिला दर पंधरवड्याला डबाभर नान-खलिया पाठवायची. गोजरबाईचा त्या मटणाच्या रश्श्यावर जीव. आता राहतनं डबा थांबवला. "आता कसं देणार, बाई? तुम्ही भजनवाल्या झालात," ती अदबीनं म्हणाली. गोजरबाईला "अगं, तसं काय नाय" म्हणताही येईना. दुधीची भाजी खाताना तिला शेवटच्या घरातून फोडणीचा वास यायचा आणि घास घशाखाली उतरायचा नाही.

सायलीनं तर हद्दच केली. परीक्षेला तिला एक प्रश्न होता, साहित्यातला अपराधभाव आणि लाज. त्यावर ती गोजरबाईचं मत घ्यायला आली! "सर म्हणतात, लाज वाटते ती कुणी बघितलं म्हणून, आणि अपराध टोचतो तो कुणी नाही बघितलं तरी. तुम्हाला काय वाटतं, मावशी?"

गोजरबाई ज्वारी निवडत होती. तिच्या हातातून चांगली ज्वारी खड्यांत जाऊन पडली. "मला काय कळतंय," ती म्हणाली, "पण दोन्ही एकदम आलं तर माणसाला झोप नाय लागत, एवढं लिही."

सायलीनं ते खरंच लिहून घेतलं.

टोचण्याचं खरं कारण राहतच होती. राहत ब्लाऊज शिवायची, तिचा नवरा मुनीब कूलर-फ्रिज दुरुस्त करायचा. दोन वर्षांमागं तात्यासाहेबांचं ऑपरेशन झालं तेव्हा आकाशला सुट्टी मिळेना. तेव्हा राहतनंच घाटी दवाखान्यात रोज डबा पोचवला होता. आणि आता तीच राहत कोपऱ्यावरच्या टँकरमधून पाणी घेऊन, स्कूटीच्या पायाशी जार ठेवून, चालवत कमी आणि ढकलत जास्त घरी जायची. गोजरबाई खिडकीतून बघायची आणि पडदा ओढायची. कधी राहवेना म्हणून स्वतःच्या हौदातले दोन हंडे तिला द्यायची. राहत म्हणायची, "अल्ला तुमचं भलं करो, बाई." त्या दुव्यानं गोजरबाईला शिवी खाल्ल्यासारखं व्हायचं. हिचंच पाणी हिलाच दान करून वर दुवा घेतोय आपण, हे तिला चांगलं कळत होतं.

वैशाखात राहत पेढे घेऊन आली. मुलीचं, मंतशाचं, जालन्याच्या मुलाशी जमलं होतं. रविवारी मंगनी, मुलाकडची माणसं घरी येणार. लाईनमननं सांगितल्याप्रमाणं शनिवारी नळ यायचे होते.

"एक मागणं हाय, बाई," राहत म्हणाली. "शनवारी भजनात माझ्यासाठी मागा. माझ्या नळाला पाणी येऊ द्या म्हणावं. तुमच्या दुआ में असर है. घरात पंचवीस-तीस माणसं, आणि हात धुवायला पाणी नसलं तर पोरीच्या सासरी काय इज्जत राहील?"

ती हे बोलत होती आणि दोन दारांपलीकडं न्हाणीत पाटीखाली ती वस्तू बसलेली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं गोजरबाईला झालं. "मागते," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी दुपारी नळ आले. बायका आल्या. गोजरबाई न्हाणीपर्यंत गेली, बटणाकडं बघितलं, आणि बाहेरून कडी लावून परत आली. त्या दिवशी भजन फार बेसूर झालं. तंबोऱ्याचा सूर कुठं गेला म्हणून सायली अस्वस्थ. गोजरबाई मात्र उन्हाळ्यात पहिल्यांदा मनापासून गात होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि तिचा एक कान गल्लीच्या टोकाकडं होता.

तिसरं भजन चालू असताना टोकाकडून मंतशाची आरोळी आली. "अम्मीऽऽ! पानी आया! जोर से आया!"

सगळ्या धावल्या. राहतच्या नळाला मनगटाएवढी धार. ड्रम भरला, टाकी भरली, हंडे भरले, मुनीबनं दुकानातल्या कूलरच्या टाक्यासुद्धा भरून घेतल्या. राहत पदरानं डोळे पुसत होती. आणि वच्छलाबाईंनी हात जोडून जाहीर केलं, "गोजरबाईच्या भजनानं नळाला पाणी आलं! मी सांगत होते ना? ह्या बाईत काहीतरी हाय."

झालं. चूक निस्तरावी म्हणून गेली, तर चमत्कार होऊन बसला. संध्याकाळपर्यंत मागच्या गल्लीतली एक बाई विचारायला आली, की आमच्याकडं बोअरला पाणी लागत नाय, तुम्ही येऊन दोन भजनं म्हणाल का. रात्री तात्यासाहेब म्हणाले, "आता तुझा फोटो लावायचा तेवढा राहिला गल्लीत." मग बायकोचा चेहरा बघून त्यांनी थट्टा आवरली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांगून टाक, गोजर. फार दिवस नाय झेपायचं हे तुला."

रविवारी राहतच्या घरी मांडव पडला. जालन्याची माणसं आली, मंतशाच्या बोटात अंगठी गेली, मिठाई वाटली. मग वच्छलाबाई पुढं झाल्या. बायकांनी मिळून शाल आणली होती, नारळ आणला होता. पाहुण्यांसमोर, सगळ्या गल्लीसमोर, गोजरबाईचा सत्कार!

गोजरबाई उठली. "थांबा. मला आधी एक सांगायचंय. ती मोट..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला, कारण राहतनं भलामोठा बर्फीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. "दोन मिनिटं हं, वच्छलाबाई," म्हणत तिनं गोजरबाईचा दंड धरला आणि तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं.

आत दार लोटून राहतनं पातेल्यावरचं झाकण काढलं, एका ताटात नान आणि खलिया वाढला आणि ताट तिच्यापुढं केलं. "खा. उन्हाळाभर उपाशी ठेवलं तुम्हाला."

गोजरबाईनं ताट हातात घेतलं.

"मला ठाऊक हाय, बाई," राहत म्हणाली. "त्या दिवशी लाईट गेली न् माझा नळ धो धो वाहिला. लाईट आली न् बंद. नळाला लाईट कशाला लागती?"

"म्हंजी... तू दुआ मागायला आलतीस तेव्हा..."

"अल्लाकडं मी वेगळं मागितलंच होतं. तुमच्याकडं आलते ते तुमच्याकडंच मागायला." राहत हसली. "डबा पण मुद्दाम बंद केला. म्हटलं, एवढी तरी सजा पाहिजे."

गोजरबाई म्हणाली, "मग तोंडावर का नाय बोललीस गं? दोन शिव्या द्यायच्या होत्या."

राहतनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "ती संस्कृती आठवती का? सोमनाथची बायको, मागच्या साली इथं भाड्यानं राहायची. त्यांनी मोटर लावली म्हणून तुम्ही नवरा-बायकोला रस्त्यात उभं केलं होतं. सगळी गल्ली गोळा केली होती. ती माझ्याकडं ब्लाऊज टाकायची. सामान भरताना रडत होती, म्हणत होती, पोराला शाळेत पाणीचोर म्हणतात. मला तुमचं तसं करायचं नव्हतं, बाई."

गोजरबाई ते विसरून गेली होती. साफ विसरली होती. मारणारा विसरतो, ज्याला लागतं तो विसरत नाही. तिनं ताट ओट्यावर ठेवलं. तिला रडू आलं ते मोटरचं नव्हतं, खलियाचंही नव्हतं.

"आता रडू नका," राहत म्हणाली. "मोटर काढून टाका, बात खतम. बाहेर कुणाला कळायची गरज नाय. जा, शाल घ्या, फोटो काढा."

म्हणजे सुटलीच ती. झाकलेलं झाकलेलंच राहणार होतं, आणि वर शालही मिळणार होती. गोजरबाईनं डोळे पुसले, पदर नीट केला, दार उघडलं आणि मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ऐका सगळ्यांनी," ती तिच्या त्या बांधावरच्या आवाजात म्हणाली. "मी नळाला मोटर लावली होती. उन्हाळाभर. मोटरीचा आवाज ऐकू येऊ नाय म्हणून भजन. काल मोटर बंद ठेवली म्हणून राहतला पाणी आलं. देवाचा त्यात काय हात नाय, माझंच पाप होतं. राहतचं पाणी मी ओढलं, तुमच्या सगळ्यांचं ओढलं. आता मला काय बोलायचं ते बोला, मी हितंच उभी हाय."

जालन्याचे पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मग सायलीचा बारीक आवाज आला.

"म्हणजे मावशी... तो तंबोरा?"

"अर्ध्या हॉर्सपावरचा होता," तात्यासाहेब मागून म्हणाले.

पहिल्यांदा मंतशा फुटली, अंगठीचा हात तोंडावर ठेवून. मग सायली, मग सगळा मांडव. जालन्याच्या विहीणबाईंना कुणीतरी हिंदीत समजावून सांगितलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की पाणी पाजावं लागलं. सगळ्याच हसल्या असं नाही. "आम्ही पाठदुखी घेऊन टँकरवर उभ्या राहिलो की," असं एक बाई रागानं म्हणाली, आणि गोजरबाईनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं. ते ऐकणंही तिला बरं वाटलं.

वच्छलाबाई मात्र शाल हातात धरून गोऱ्यामोऱ्या उभ्या होत्या. "गोजरबाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडंबी हाय. भजनाला यायच्या आधी अर्धा तास लावते. आवाज जाऊ नाय म्हणून मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी करते. घरात आता ती खाणारं कुणी उरलं नाय."

"आई!" सायली किंचाळली.

पुन्हा हशा. कुणीतरी विचारलं, "आता शालीचं काय करायचं?"

"शाल मी ठेवते," गोजरबाई म्हणाली, "मोटर तुम्ही घेऊन जा."

राहत तिच्याजवळ आली. "मी झाकलं होतं ना? मग कशाला उघडं केलं?"

"पोरी, मी त्यांना रस्त्यात उभं केलं. मग मी कशी मागच्या दारानं जाऊ?" गोजरबाई म्हणाली. मनावरचं एक ओझं उतरलं होतं, दुसरं अजून तसंच होतं. "त्या संस्कृतीचा नंबर हाय का तुझ्याकडं?"

होता. गोजरबाई ताट घेऊन स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली, राहतनं फोन लावून तिच्या कानाला धरला. पलीकडून आवाज आला, "हां, राहतभाभी, बोला."

"राहत नव्हं, मी गोजरबाई."

बाहेर मांडवात टाळ्या वाजत होत्या.

"ठेवू नको, पोरी," गोजरबाई घाईनं म्हणाली. "माझ्याबी घरात मोटर निघाली. आत्ता समद्या गल्लीसमोर सांगितलं मी. आणि तुला मी जे केलं ना, ते मोटरीपेक्षा लई वाईट केलं. तुझ्या पोराला जे ऐकावं लागलं ते माझ्यामुळं. तू शिव्या दे, मी ऐकते."

मग संस्कृतीनं नाक ओढलं, आणि तिचा आवाज आला तो रडका होता की हसरा, ते कळायला मार्ग नव्हता.

"खरंच तुमच्या घरात, मावशी?"

"न्हाणीत. पाटीखाली."

"आम्ही धान्याच्या कोठीत ठेवली होती," संस्कृती म्हणाली, आणि आता मात्र ती हसलीच. "आता आम्ही शेंद्र्याला राहतो. हितं नळ रोज येतात. मोटर लागत नाय." आणि मग म्हणाली, "पोरगा शाळेतून आला की चिडतो अजून, कुणी पाण्याचं नाव काढलं की. त्याला हे तुम्हीच सांगा. मी सांगून पटायचं नाय."

"सांगते," गोजरबाई म्हणाली. नानचा तुकडा तिनं रश्श्यात बुडवला होता, तो तसाच हातात राहिला होता. "पण फोनवर नाय सांगत. शेंद्र्याला यायला बस कुठून मिळती?"